जिनिव्हाची शाळा आणि आपले शिक्षक

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. मागे दोन वहिनींचे बोलणे चालले होते. एकीने डोंबिवलीत चौदा वर्षे गणित शिकवलेले, यजमानांची बदली झाली म्हणून दुबईत आलेल्या. त्या म्हणत होत्या, "एम.एस्सी. आहे, बी.एड. आहे, सगळ्या सर्टिफिकेटांचं अटेस्टेशन झालंय. पण शाळेतून पहिला प्रश्न एकच येतो, आय.बी.चा अनुभव किती वर्षांचा?" दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, पण नोकरीच दिली नाही तर अनुभव यायचा कुठून?"

मला मागे वळून पाहायची गरज नव्हती, कारण हा संवाद माझ्या घरात पूर्वीच होऊन गेला होता. माझी पत्नी पुण्यात बारा वर्षे ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवत होती. इथे आल्यावर एका शाळेने तिची मुलाखत घेतली ती जेमतेम दहा मिनिटांची. मुलाखत घेणाऱ्या बाई सौजन्याने बोलल्या, चहाही दिला आणि म्हणाल्या की आम्हाला 'ट्रेन्ड' शिक्षक हवा आहे. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "बारा वर्षं मी काय अनट्रेन्ड होते का रे?"

त्या प्रश्नाने मला या विषयाच्या मागे लावले. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टरेट आहे ती इंजिनियरिंगमधली, शिक्षणशास्त्रातली नव्हे. पण एखादी यंत्रणा आज अशी का चालते हे समजून घ्यायचे तर ती पहिल्यांदा कोणी आणि कशासाठी बांधली ते पाहावे, ही आमच्या धंद्यातली सवय. तसे पाहत गेलो आणि थेट १९२४ सालच्या जिनिव्हात जाऊन पोहोचलो.

पहिले महायुद्ध संपल्यावर जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालये उघडली. देशोदेशीचे अधिकारी बायकामुलांसह तिथे येऊन राहिले आणि त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे: मुलांना घालायचे कोणत्या शाळेत? स्थानिक शाळेत घातले तर मायदेशी परतल्यावर ते मूल तिथल्या परीक्षेत बसेल कसे? आणि मायदेशी ठेवले तर आईबापांपासून दूर राहील. शेवटी या पालकांनीच शाळा काढायचे ठरवले. त्यांत राष्ट्रसंघाच्या माहिती विभागातले अमेरिकन अधिकारी आर्थर स्वीट्झर आणि आरोग्य विभागाचे प्रमुख, पोलिश डॉक्टर लुडविक राइखमान हे पुढे होते. त्यांना साथ मिळाली अडोल्फ फेरिएर या स्विस शिक्षणतज्ज्ञाची. १९२४ च्या शरद ऋतूत आठ मुलांनिशी फेरिएर यांच्याच जागेत शाळा सुरू झाली. आजची 'एकोल अँतरनासिओनाल', म्हणजे जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा, ती हीच.

पुढे १९२९ पासून वीस वर्षे या शाळेची धुरा मारी-तेरेझ मोरेत या बाईंनी वाहिली. त्यांचे वडील पॉल द्युप्युई हे भूगोलाचे जाणकार. तेही इथे शिकवीत. भूगोल शिकवायचा तो 'आपल्या देशापासून' की पृथ्वीच्या गोलापासून, हा त्या शाळेत नुसता पद्धतीचा प्रश्न नव्हता. वर्गात जर्मन आणि फ्रेंच मुले शेजारी बसलेली. 'आपला देश' म्हणायचे तरी कोणाचा? १९४८ मध्ये युनेस्कोसाठी मोरेतबाईंनी शांततेच्या शिक्षणावर एक टिपण लिहिले. ते वर्गात वीस वर्षे घालवलेल्या शिक्षिकेचे अनुभवाचे बोल होते.

या शाळेचा आपल्याशीही एक धागा आहे. १९२६ मध्ये कमला नेहरूंच्या उपचारासाठी नेहरू कुटुंब स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा आठ वर्षांची इंदिरा काही काळ याच शाळेत होती. पुढे १९३१ च्या सुमारास ती आली आपल्या पुण्यात, जहांगीर आणि कुंवरबाई वकील या दांपत्याच्या 'प्युपिल्स ओन स्कूल'मध्ये. आणि १९३४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाली. म्हणजे शिकायला जिनिव्हा, मग पुणे, आणि परीक्षा शेवटी मुंबईची! वकील दांपत्य पूर्वी शांतिनिकेतनात होते. तिथून आलेली दृष्टी आणि मॅट्रिकचा ठरीव पेपर या दोन्ही गोष्टी त्यांनी कशा सांभाळल्या असतील, याचा विचार आजच्या शिक्षकाने जरूर करावा.

जिनिव्हाच्या शाळेलाही पुढची चाळीस वर्षे हीच अडचण छळत राहिली. शाळा एक, पण वरच्या वर्गात पोहोचली की मुले पांगायची. इंग्रज मुलगा ए लेव्हलच्या तयारीला, फ्रेंच मुलगा बाकालोरेआच्या, स्विस मातुरितेच्या आणि अमेरिकन कॉलेज बोर्डाच्या. एकाच शाळेत तोच विषय वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या परीक्षांसाठी शिकवायचा. आंतरराष्ट्रीयत्व दुपारच्या जेवणापुरते उरायचे.

यातून वाट काढली ती शिक्षकांनी. त्या शाळेत बॉब लीच नावाचे अमेरिकन गृहस्थ इतिहास शिकवीत. त्यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांतल्या सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद जिनिव्हात भरली. निरनिराळ्या देशांच्या मुलांना विसाव्या शतकाचा इतिहास एकत्र शिकवता येईल का आणि त्याची एकच परीक्षा घेता येईल का, हा प्रश्न तिथे निघाला. विषय मुद्दाम अवघड होता. दुसऱ्या महायुद्धाला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. पण इतिहासात जमले तर बाकीच्या विषयांत जमेल, असा हिशेब असावा. १९६३ मध्ये समकालीन इतिहासाची प्रायोगिक परीक्षा झाली. मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फंड आणि फोर्ड फाउंडेशन या अमेरिकन संस्थांनी पैसा दिला, ऑक्सफर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाचे प्रमुख अॅलेक पीटरसन येऊन मिळाले आणि १९६८ मध्ये इंटरनॅशनल बॅकॅलोरिएट ही संस्था जिनिव्हात नोंदली गेली. पीटरसन तिचे पहिले महासंचालक. १९७१ मध्ये वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजने ए लेव्हल सोडून आय.बी. स्वीकारली, तेव्हा या नव्या परीक्षेला पहिले मोठे बळ मिळाले. तरी सत्तरच्या दशकात पैशाअभावी हे सारे बंद पडते की काय, अशी वेळ आली होतीच.

इथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. १९६२ च्या त्या परिषदेला जमलेल्यांपैकी एकाही शिक्षकाला आय.बी.चा अनुभव नव्हता. असणार कसा? आय.बी. अजून जन्मालाच आलेली नव्हती. ते आपापल्या देशांच्या शिक्षणपद्धतीत तयार झालेले अनुभवी शिक्षक होते, आणि समोरच्या मुलांकडे पाहून त्यांनी आपली पद्धत बदलायची तयारी ठेवली. पुढे प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रमही काही आंतरराष्ट्रीय शाळांतल्या शिक्षकांनीच एकत्र येऊन आखला आणि आय.बी.ने तो १९९७ मध्ये आपला म्हणून स्वीकारला. माध्यमिक टप्प्याचा अभ्यासक्रम १९९४ पासूनचा.

दुसरा मोठा प्रवाह केंब्रिजचा, आणि तो खूप जुना. केंब्रिज विद्यापीठाचे परीक्षा मंडळ १८५८ चे. म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठापेक्षा एका वर्षाने धाकटे. १८६० च्या दशकातच त्याच्या प्रश्नपत्रिका बोटीने त्रिनिदादला जाऊ लागल्या आणि मग साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोचल्या. आपल्याकडे 'सीनियर केंब्रिज' झालेल्या माणसाचा केवढा दबदबा असे, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये परिषद झाली, तिच्या शिफारशीतून १९५८ मध्ये कौन्सिल स्थापन झाली आणि सीनियर केंब्रिजची जागा कालांतराने आय.सी.एस.ई. आणि आय.एस.सी. यांनी घेतली. १९८८ मध्ये केंब्रिजने आय.जी.सी.एस.ई. ही नवी परीक्षा आणली, आणि पुढे तिच्याच रूपाने केंब्रिजचे बोर्ड आपल्या शहरांतल्या नव्या शाळांवर पुन्हा दिसू लागले.

दोन्ही प्रवाहांत मूळचा फरक आहे. केंब्रिजची परीक्षा राजधानीतून वसाहतीकडे गेली, आय.बी. परमुलखात राहणाऱ्यांच्या गरजेतून उगवली. पण आज दोन्हींचा पसारा सारखाच वाढला आहे. आय.बी.च्या शाळा आता दीडशेहून अधिक देशांत साडेपाच हजारांच्या वर आहेत. केंब्रिजशी जोडलेल्या शाळा दहा हजारांच्या घरात. भारतात आय.बी.ची पहिली शाळा १९७६ मध्ये कोडाईकनालची. मुळात ती १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली. १९८३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघाने आय.बी. डिप्लोमाला बारावीच्या तोडीची मान्यता दिली. १९९७ मध्ये पुण्याजवळ पौडच्या डोंगरावर महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, परदेशांतून परतणारी कुटुंबे आली आणि परदेशी न गेलेल्यांच्याही आकांक्षा वाढल्या. आता भारतात आय.बी.च्या दोनशेहून अधिक शाळा आहेत. हे लोण श्रीमंतांच्या शाळांपुरतेही राहिलेले नाही. २०२१ मध्ये दिल्ली सरकारने आणि २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या काही शाळांसाठी आय.बी.शी करार केले.

शाळा वाढल्या, शिक्षक कुठून आणायचे? इमारत दोन वर्षांत उभी राहते, अभ्यासक्रमाची पुस्तिका एका दिवसात येते. शिक्षकाचे तसे नाही. आणि इथे त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंनाही न्याय द्यायला हवा. 'ट्रेन्ड' शिक्षक हवा हे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

आपल्या बारावीच्या प्रॅक्टिकलची आठवण काढा. जर्नल, लाल मार्जिन, 'उद्देश–साहित्य–कृती–निरीक्षणे–निष्कर्ष'. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९८० च्या आसपास यायला हवे हे आधीच ठाऊक, म्हणून वाचने त्या हिशेबाने 'घ्यायची'. शेवटी सरांची सही. आपल्यापैकी किती जणांनी हे केले नाही, त्यांनी हात वर करावा! आय.बी.च्या फिजिक्समध्ये विद्यार्थी प्रश्नच स्वतः शोधतो. क्रिकेटच्या चेंडूची उसळी तापमानाबरोबर कशी बदलते, असला काहीतरी. उत्तर पुस्तकात नसते आणि शिक्षकालाही माहीत नसते. मोजमापात चूक किती, ती का झाली, निष्कर्षावर भरवसा किती ठेवायचा, यालाच गुण. हे गुण आधी वर्गशिक्षक देतो. मग काही नमुने बाहेरच्या परीक्षकाकडे जातात, आणि शिक्षकाने हात सैल सोडला असे दिसले तर साऱ्या वर्गाचेच गुण खाली येतात. म्हणजे शिक्षक इथे परीक्षकही असतो, आणि त्याचा न्याय किती काटेकोर आहे याचीही परीक्षा होते. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याचा चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध, 'थिअरी ऑफ नॉलेज' हा आपल्याला कळते ते कसे कळते याची चिकित्सा करणारा विषय, आणि समाजसेवेचा भाग. सहा विषयांचे प्रत्येकी सात गुण आणि निबंध व 'थिअरी ऑफ नॉलेज' यांचे तीन मिळून पंचेचाळीस.

ज्याने बारा वर्षे महत्त्वाचे प्रश्न काढून देण्यात नाव मिळवले, त्याला हे एका रात्रीत जमणार नाही हे खरेच. म्हणूनच आय.बी. आपल्या शाळांना शिक्षकांसाठी कार्यशाळा बंधनकारक करते, आणि विद्यापीठांतून यासाठी वेगळे अभ्यासक्रमही निघाले आहेत. माझा आक्षेप प्रशिक्षणाला नाही. आक्षेप आहे तो तयार शिक्षक बाजारात मिळावा या अपेक्षेला. प्रत्येक शाळा दोन वर्षांचा अनुभव मागेल आणि अनुभव द्यायला एकही पुढे येणार नाही, तर त्याच ठरावीक शिक्षकांची या शाळेतून त्या शाळेत पळवापळव होत राहणार, फिया वाढत राहणार आणि आपल्या वहिनी प्रसादाच्या रांगेत उभ्या राहणार.

हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात नव्या पद्धतीच्या शाळा काढायचे ठरले, तेव्हा शिक्षक औषधालाही नव्हते. त्या कामात पडलेले कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनियर (आमचेच जातभाई!). त्यांनी मराठीत गणिताची पुस्तके तयार केली आणि विलायतेहून शिक्षक येण्याची वाट न पाहता इथल्याच पंतोजींना आणि तरुणांना शिकवून तयार केले. १८२६ साली अशा शिक्षकांची पहिली तुकडी जिल्ह्याच्या गावांकडे रवाना झाली. १८४५ मध्ये मुंबईत शिक्षक तयार करणारा वर्ग निघाला, तो सोपवला गेला 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांकडे. सावित्रीबाई फुले यांनीही शिकवण्याचे धडे नगर आणि पुण्याच्या अध्यापन वर्गांत घेतले. मुलींना शिकवण्याचा अनुभव किती, असे त्यांना कोणी आधी विचारले असते, तर ती शाळा निघालीच नसती.

याउलट घाईचे उदाहरणही आपल्याकडे आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या सुमारास आपले स्वतःचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले. वाबळेवाडीसारखी जिल्हा परिषदेची शाळा त्याच्याशी जोडली गेली तेव्हा आम्हा परदेशस्थांनाही कौतुक वाटले होते. थोड्याच वर्षांत ते मंडळ गुंडाळले गेले. सरकारे बदलतात, मंडळे येतात आणि जातात. त्या धामधुमीतही वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकांनी जे नवे शिकून घेतले तेच शेवटी मुलांच्या हाती राहते.

आता माझ्या घरची गोष्ट पुरी करतो. त्या मुलाखतीनंतर पत्नीने वर्षभर दुसऱ्या एका शाळेत बदली शिक्षिकेचे काम केले. कोणी रजेवर गेले की त्या वर्गावर जायचे. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. त्या शाळेत फिजिक्सचे एक वयस्कर स्कॉटिश शिक्षक होते. त्यांनी हिला आपल्या विद्यार्थ्यांचे अहवाल तपासायला दिले आणि स्वतः दिलेले गुण झाकून ठेवले. पहिल्यांदा दोघांच्या गुणांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. हिने नीटनेटक्या आकृत्यांना गुण दिले होते. त्यांनी एका मुलाच्या "माझा प्रयोग का फसला" या परिच्छेदाला. त्या रात्री ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं मुलांना फिजिक्स शिकवलं, पण चुकायला शिकवलं नाही." महिना-दोन महिन्यांत गुण जुळू लागले. पण गोष्ट एकतर्फी नव्हती. वर्गातली मुले गणितात अडखळत, तेव्हा ती फळ्यावर पायरीपायरीने जी उकल मांडायची, ते पाहायला ते गृहस्थ मागच्या बाकावर येऊन बसत. पुण्याची ती बारा वर्षे वाया गेलेली नव्हती. पुढे शाळेने तिला कार्यशाळेला पाठवले आणि आज ती तिथे डिप्लोमाचे वर्ग घेते.

ही कथा मी कौतुकासाठी सांगत नाही. तिला कोणी शिकवणारे भेटले. प्रत्येकीला भेटेलच असे नाही. जिनिव्हातल्या पालकांनी आपल्या मुलांची अडचण स्वतः सोडवली, त्यांच्या शिक्षकांनी आपली. आपल्या मंडळात माझ्या माहितीप्रमाणे अशा शाळांत शिकवणाऱ्या निदान सात-आठ जणी आहेत आणि शिकवू इच्छिणाऱ्या त्याच्या तिप्पट. महिन्यातला एक शनिवार हॉल मोकळा असतो. विद्यार्थ्यांची नावे झाकलेले नमुने, गुणांचे निकष आणि चहाचा थर्मास एवढे भांडवल पुरे आहे.

आणि एक लहानशी सूचना पालकांना. आय.बी. डिप्लोमात मुलाला आपल्या मातृभाषेचे साहित्य शिकायची सोय आहे. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी शाळेच्या देखरेखीखाली स्वाध्यायाने ते करता येते, आणि भाषा नेहमीच्या यादीत नसेल तर शाळेमार्फत आगाऊ विनंती करता येते. मॉरिशसच्या आपल्या बांधवांनी शाळांतून मराठी टिकवून धरली आहे. आपल्यापैकी कोणी शाळेत जाऊन मराठीची विनंती केली, तर पहिला प्रश्न येईल: मुलाला मार्गदर्शन करणार कोण? तेव्हा डोंबिवलीच्या किंवा सांगलीच्या एखाद्या वहिनींचे नाव सांगता यावे. त्यांना अनुभव किती, हे मात्र कृपा करून आधी विचारू नका.